सर्व्हरला दुसरं नेटवर्क कार्ड: आतली वाहतूक आतल्या रस्त्याने

रात्री साडेअकराला बॅकअप सुरू व्हायचा आणि पावणेबाराला पहिला फोन यायचा. इतवारीतल्या एका धान्य व्यापाऱ्याची ऑर्डर घेण्याची साइट आमच्या सर्व्हरवर होती. दिवसभर दुकान, रात्री निवांत बसून दुसऱ्या दिवशीच्या ऑर्डरी भरायच्या, हा त्यांचा शिरस्ता. "भाऊ, साइट काहून उघडून नाही राहिली?" हा प्रश्न मी सलग चार रात्री ऐकला. प्रोसेसर मोकळा होता, मेमरी शिल्लक होती, इंटरनेटची लाइन ठीक होती. भरलेलं होतं ते फक्त नेटवर्क कार्ड. वेब सर्व्हर आपल्या फाइली बॅकअपच्या मशीनकडे ढकलत होता आणि ग्राहकांची पानंही त्याच कार्डातून बाहेर पडायला धडपडत होती.

दुसरं कार्ड घातल्यावर ते फोन थांबले. त्यानंतर नागपुरातल्या बऱ्याच लहान कंपन्यांसाठी मी हे काम केलं आहे. काही सर्व्हर परसोडीच्या आयटी पार्कातल्या ऑफिसात आहेत, काही नवी मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये भाड्याच्या रॅकवर. दुसऱ्या कार्डाने साइट 'फास्ट' होते, अशी समजूत अनेकांची असते. खरं तर त्याने रस्ता वेगळा होतो. जड ट्रक आउटर रिंग रोडने गेले की सीताबर्डीचा रस्ता मोकळा राहतो, तसंच. बॅकअप, डेटाबेसची देवाणघेवाण, सर्व्हर-सर्व्हरमधल्या फाइली या आतल्या कार्डावर आणि ग्राहक बाहेरच्या कार्डावर, एवढी एक गोष्ट मनात पक्की ठेवली तर पुढची प्रत्येक पायरी सोपी जाते.

आधी खात्री: दुखणं नेटवर्कचंच आहे ना?

खरेदीला निघण्यापूर्वी एक रात्र जागा. बॅकअप चालू असताना 'सार' किंवा 'आयएफटॉप' हे वाहतूक मोजणारे प्रोग्राम लावून कार्डातून किती माल जातोय ते बघा. एक गिगाबिटच्या कार्डातून सेकंदाला कागदावर १२५ मेगाबाइट आणि प्रत्यक्षात ११० ते ११७ मेगाबाइट जातात. आकडा तिथे जाऊन टेकला असेल तर दुखणं नेटवर्कचं. आकडा ३०-४० वर घुटमळतोय आणि डिस्क मात्र शंभर टक्के व्यस्त आहे, असं दिसलं तर दुसऱ्या कार्डाने काहीही फरक पडणार नाही. ते पैसे एसएसडीवर खर्च करा.

थोडा हिशेब करून ठेवा. ६०० गिगाबाइटचा पूर्ण बॅकअप ११० मेगाबाइटच्या वेगाने साधारण दीड तास घेतो. तेवढा वेळ तुमचं एकुलतं एक कार्ड ग्राहकांशी भांडत असतं. आणि भांडणही एकाच दिशेने असतं, कारण बॅकअप सर्व्हरमधून बाहेर जातो आणि ग्राहकाला द्यायची पानंही बाहेरच जातात. गिगाबिट लाइन दोन्ही दिशांना स्वतंत्रपणे चालते, पण इथे दोघांना एकच दिशा हवी असते.

सर्व्हरच्या पाठीमागे जाऊन बघा

रॅकमध्ये बसणाऱ्या बहुतेक सर्व्हरना मदरबोर्डवरच दोन किंवा चार पोर्ट असतात. माझ्याकडे कार्ड विकत घेऊन आलेल्या कित्येकांच्या सर्व्हरमध्ये दुसरा पोर्ट आधीपासून रिकामा पडलेला होता. मात्र एक पोर्ट बाजूला, एकटा, पान्याच्या चिन्हासह किंवा 'एमजीएमटी' असं लिहिलेला दिसला तर त्याला हात लावू नका. तो सर्व्हरची देखरेख करणाऱ्या वेगळ्या चिपचा, म्हणजे आयपीएमआयचा पोर्ट आहे. लिनक्सला, म्हणजे सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टमला, तो दिसतच नाही. त्याला केबल लावून "कार्ड ओळखलं जात नाही" म्हणत दोन तास घालवलेली माणसं मला माहीत आहेत.

रिकामा पोर्ट नसेल तरच कार्ड घ्या. दोन पोर्टांचं गिगाबिट कार्ड बहुधा चार लेनच्या (लेन म्हणजे डेटाची वाट) स्लॉटचं असतं. ते आठ किंवा सोळा लेनच्या लांब स्लॉटमध्येही बसतं, पण बंद तोंडाच्या एक लेनच्या छोट्या स्लॉटमध्ये बसत नाही. उंचीही तपासा. पातळ सर्व्हरला कार्डाच्या मागच्या टोकाला बुटकी धातूची पट्टी लागते आणि दुकानदाराने ती डब्यासोबत दिली नाही तर कार्ड आत जातं पण मागे स्क्रूने पक्कं होत नाही. सीताबर्डीत कार्ड घेताना मी डबा काउंटरवरच उघडून दोन्ही पट्ट्या आहेत का ते बघतो. यूएसबीला लावायचा नेटवर्क ॲडॉप्टर लॅपटॉपला ठीक आहे. चोवीस तास चालणाऱ्या सर्व्हरला तो लावू नका.

दहा गिगाबिटचा विचार असेल तर आपल्या हवेचा विचार आधी करा. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या वर जातो आणि लहान ऑफिसातल्या सर्व्हर रूममध्ये एसी एकच असतो. तांब्याच्या साध्या केबलवर दहा गिगाबिट चालवणारी कार्डं चांगलीच तापतात. त्याऐवजी एसएफपी प्लस या वेगळ्या प्रकारच्या पोर्टांचं कार्ड आणि दोन-तीन मीटरची तयार जोडणी केबल घेतली तर वीजही कमी लागते, उष्णताही कमी. एकाच रॅकमधल्या दोन सर्व्हरसाठी मला तीच रचना आवडते. पण लहान होस्टिंगला बहुतेक वेळा साधं गिगाबिट पुरतं, हेही तितकंच खरं.

सर्व्हर बंद करण्याआधीची पायरी, जी सगळे विसरतात

२०१३ पासून लिनक्स कार्डाचं नाव त्याच्या स्लॉटवरून ठरवू लागलं. पूर्वीच्या 'ईटीएच०'च्या जागी 'ईएनपी३एस०' अशी नावं आली. यातला तीन हा बसचा क्रमांक. तुम्ही नवं कार्ड घातलं की हे क्रमांक कधी कधी सरकतात आणि जुन्या कार्डाचं 'ईएनपी३एस०' हे नाव 'ईएनपी४एस०' होतं. सेटिंगच्या फाइलमध्ये जुनंच नाव असतं. परिणामी सर्व्हर नीट चालू होतो, पण त्याला नेटवर्कच नसतं. नवं कार्ड चालत नाही हे सहन होतं, पण इथे जुनंही गेलेलं असतं.

म्हणून बंद करण्याआधीच जुन्या कार्डाची सेटिंग त्याच्या मॅक पत्त्याला, म्हणजे कार्डाला कारखान्यातच मिळालेल्या क्रमांकाला, बांधा. नेटप्लॅनमध्ये, म्हणजे उबुंटू लिनक्सच्या नेटवर्क सेटिंगमध्ये, 'मॅच'खाली मॅक पत्ता द्यायचा आणि 'सेट-नेम'ने आपल्याला हवं ते नाव ठेवायचं. मी 'बाहेर' आणि 'आत' अशा अर्थाची छोटी नावं ठेवतो, म्हणजे रात्री दोन वाजता झोपेतही चूक होत नाही. सर्व्हर नवी मुंबईत आणि तुम्ही नागपुरात असाल तर ही पायरी सोडू नका. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे आणि विसरलेल्या एका ओळीसाठी तो पूर्ण पार करावा लागू शकतो. सोबतच आयपीएमआयचा रिमोट स्क्रीन चालतो का, पासवर्ड आठवतो का, हे आधीच तपासा. नेटवर्क गेल्यावर आत शिरायचा तोच एक दरवाजा उरतो.

कार्ड बसवताना दोन्ही पॉवर केबल काढा. दोन सप्लाय असलेल्या सर्व्हरची एकच केबल काढून काम करणारे मी पाहिले आहेत. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हवा अतिशय कोरडी असते आणि कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज पटकन साठते. मनगटाची पट्टी नसेल तर किमान कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून मगच कार्ड हातात घ्या, तेही कडेने धरून.

केबल आणि स्विच

दोनच सर्व्हर असतील तर स्विचची गरज नाही. एका सर्व्हरच्या दुसऱ्या कार्डातून दुसऱ्याच्या दुसऱ्या कार्डात थेट केबल लावा. गिगाबिट कार्डं तारांची अदलाबदल स्वतःच जुळवतात, क्रॉस केबल लागत नाही. तीन किंवा अधिक मशीन असतील तर वेगळा छोटा स्विच घ्या किंवा आहे त्याच मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणाऱ्या) स्विचवर वेगळा व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विचमधलं आभासी वेगळं जाळं, करा. वेगळा स्विच घेतलात तर तो ऑफिसच्या स्विचला "सोयीसाठी" एका केबलने जोडू नका. तसं केलं की वेगळेपणच संपतं.

आतल्या केबलचा रंग वेगळा ठेवा. मी लाल वापरतो. प्रत्येक टोकाला चिकटपट्टीवर सर्व्हरचं आणि पोर्टचं नाव लिहितो. धूळ पुसायला आलेल्या माणसाने केबल काढून परत लावली तर ती जागेवरच लागायला हवी.

पत्ता निवडणं

आतल्या रस्त्यासाठी खाजगी पत्ते वापरायचे. त्यांचे तीन पट्टे राखीव आहेत: १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८. यातले १९२.१६८.० आणि १९२.१६८.१ टाळा. घराघरांतल्या राउटरवर तेच असतात आणि उद्या व्हीपीएनने घरून आत शिरायचं म्हटलं की टक्कर होते. १७२.१७ सुद्धा टाळा, कारण डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या बंद डब्यांत चालवणारं सॉफ्टवेअर) सुरुवातीला तोच पट्टा स्वतःसाठी घेतं. १० च्या पट्ट्यातला एखादा आडवळणाचा तुकडा उचला, उदाहरणार्थ १०.४४.७.०/२४ (/२४ म्हणजे यात फक्त शेवटचा आकडा बदलतो). वेब सर्व्हरला १०.४४.७.११, डेटाबेसला १०.४४.७.१२, बॅकअपला १०.४४.७.१३.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. दुसऱ्या कार्डाला गेटवे देऊ नका. फॉर्ममध्ये रकाना दिसतो म्हणून तो भरायचा नसतो. गेटवे म्हणजे "बाकीच्या जगाकडे जायचा रस्ता इकडून". आतल्या कार्डापलीकडे जग नाहीच. दोन गेटवे दिले की सर्व्हरला जगाकडे जाणारे दोन रस्ते दिसतात, तो त्यातला एक निवडतो आणि चुकीचा निवडला तर ग्राहकाला द्यायचं उत्तर आतल्या स्विचमध्ये जाऊन मरतं. मी स्वतः सुरुवातीच्या काळात हे केलं आहे. एका ग्राहकाचा सर्व्हर सेटिंग लावता क्षणी गायब झाला, आयपीएमआयचा पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता आणि डेटा सेंटरच्या रात्रपाळीच्या मुलाला फोनवर एकेक अक्षर सांगत मी पहाट केली. त्या सर्व्हरवर चाळीसेक लोकांचे धंदे चालत होते.

उबुंटूत नेटप्लॅनच्या फाइलमध्ये दुसऱ्या कार्डाखाली फक्त पत्ता लिहा, रूट (पुढचा रस्ता) नाही, डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा) नाही. फाइलमध्ये टॅब चालत नाही, जागा सोडायची तर स्पेसनेच. अल्मा किंवा रॉकी लिनक्सवर नेटवर्क मॅनेजरमध्ये त्या जोडणीला 'नेव्हर-डिफॉल्ट' चालू करा, म्हणजे ती कधीच मुख्य रस्ता होणार नाही. डेबियनच्या 'इंटरफेसेस' फाइलमध्ये गेटवेची ओळच लिहू नका. विंडोज सर्व्हरवर गेटवेचा रकाना मोकळा सोडा आणि डीएनएसमध्ये नोंद करण्याची खूणही काढा, नाहीतर सर्व्हरच्या नावाला आतला पत्ता चिकटतो.

दूरच्या सर्व्हरवर बदल थेट लागू करू नका. नेटप्लॅनमध्ये 'ट्राय' आहे. तुम्ही १२० सेकंदांत होकार दिला नाही तर ते जुनी सेटिंग आपोआप परत आणतं. बाँडिंगच्या, म्हणजे दोन कार्डं एकत्र बांधण्याच्या, बदलांवर मात्र या सोयीचा भरवसा ठेवू नका. इतर ठिकाणी मी 'ॲट' (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारं साधन) वापरून दहा मिनिटांनी जुनी फाइल परत ठेवणारी एक छोटी आज्ञा आधी लावून ठेवतो आणि सगळं ठीक असेल तर ती रद्द करतो.

चाललं का?

'एथटूल' या तपासणीच्या आज्ञेला कार्डाचं नाव द्या. वेग १००० आणि फुल डुप्लेक्स (दोन्ही दिशांना एकाच वेळी) दिसलं पाहिजे. १०० दिसला तर बहुतेक वेळा केबलचा दोष असतो: गिगाबिटला आतल्या चारही जोड्या लागतात, शंभरला दोनच पुरतात. एखादी तार क्लिपमध्ये नीट दबलेली नसली की जोडणी निमूट शंभरावर उतरते, कुठलीही चूक न दाखवता. मग 'आयपर्फ३' हा वेग मोजणारा प्रोग्राम दोन्ही टोकांना चालवा. साधारण ९४० मेगाबिट आले की समाधान माना, हेडरचा, म्हणजे डेटाच्या प्रत्येक तुकड्यावरच्या पत्त्याच्या मजकुराचा, भार वजा जाता तेवढेच येतात. शेवटी 'आयपी रूट गेट' पुढे बॅकअपचा पत्ता देऊन सर्व्हरलाच विचारा की तू कुठल्या कार्डाने जाणार. एकदा बाहेरचा कुठलाही पत्ता देऊन हेच परत विचारा. दोन उत्तरं वेगवेगळी आली पाहिजेत.

सेवा आतल्या रस्त्यावर आणणं

कार्ड लागलं म्हणून वाहतूक आपोआप वळत नाही. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये अजून जुना पत्ता किंवा डोमेनचं नाव असेल तर सगळा माल पूर्वीच्याच कार्डातून जात राहतो. प्रत्येक सर्व्हरच्या 'होस्ट्स' फाइलमध्ये आतल्या पत्त्यांना नावं द्या आणि स्क्रिप्टमध्ये तीच नावं वापरा. उद्या पत्ता बदलला तर एकाच ठिकाणी बदलावा लागेल.

डेटाबेसला जास्त जपावं लागतं. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या 'बाइंड-ॲड्रेस'मध्ये १०.४४.७.१२ लिहिलं की तो फक्त आतल्या कार्डावर ऐकतो. मग वर्डप्रेसच्या (साइट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) सेटिंगमध्ये होस्ट बदलला तरी "प्रवेश नाही" असा निरोप येतो आणि माणूस गोंधळतो. कारण मायएसक्यूएलमध्ये वापरकर्ता म्हणजे नाव अधिक कुठून आला तो पत्ता. वेब सर्व्हर आता नव्या पत्त्यावरून येतोय, त्या पत्त्यासाठी परवानगी नव्याने द्यावी लागते. आधी नवी परवानगी द्या, साइट हलवा, आठवडा जाऊ द्या, मग जुनी काढा.

आणखी एक अडचण रीस्टार्टलाच उघडी पडते. सर्व्हर चालू होताना डेटाबेस आधी उठला आणि आतलं कार्ड अजून तयार नसलं तर त्याला बसायला पत्ताच सापडत नाही आणि तो बंद पडतो. सिस्टमडीमध्ये, म्हणजे लिनक्सच्या सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेत, डेटाबेसच्या सेवेला 'नेटवर्क-ऑनलाइन'नंतरच सुरू व्हायला सांगा.

आतला रस्ता म्हणजे सुरक्षित रस्ता नव्हे

बाहेरच्या कार्डावर ३३०६, म्हणजे मायएसक्यूएलचा दरवाजा क्रमांक (यालाही पोर्टच म्हणतात), बंद पाहिजे, ते तर उघडच आहे. पण आतल्या कार्डावरही फायरवॉल लावा: वेब सर्व्हरच्या पत्त्यावरून ३३०६, बॅकअपच्या पत्त्यावरून २२ (दूरून आत शिरण्याचा दरवाजा), बाकी काही नाही. फायरवॉलडी या फायरवॉलमध्ये दोन कार्डं दोन वेगळ्या झोनमध्ये ठेवली की हे नीट दिसतं. एखाद्याची वर्डप्रेस साइट फोडली गेली तर हल्लेखोर वेब सर्व्हरवर उभा राहून पहिल्यांदा आतल्या रस्त्याकडेच बघतो. म्हणूनच बॅकअपच्या मशीनने वेब सर्व्हरवरून फाइली ओढून घेणं मला जास्त पटतं. वेब सर्व्हरकडे बॅकअपची किल्लीच नको.

भाड्याच्या सर्व्हरवर 'प्रायव्हेट नेटवर्क' मिळालं तर ते फक्त तुमचं आहे की शेजारच्या ग्राहकांसोबत एकाच व्हीलॅनमध्ये, हे लेखी विचारा. आयपीएमआयचा पोर्टही बाहेरच्या पत्त्यावर कधी ठेवू नका. आणि डॉकर वापरत असाल तर लक्षात घ्या, त्याने उघडलेले पोर्ट यूएफडब्ल्यू या फायरवॉलच्या नियमांना बगल देतात. सगळं झाल्यावर घरच्या लाइनवरून 'एनमॅप' लावून आपल्याच सर्व्हरचे उघडे दरवाजे मोजा.

दोन्ही कार्डं बाहेरचीच असतील तर

ऑफिसात दोन कंपन्यांच्या लाइन आहेत आणि दोन्हींवरून सर्व्हर दिसायला हवा, ही मागणी पावसाळ्यात हमखास येते. इथे गेटवेचा नियम थोडा वाढवावा लागतो. दुसऱ्या लाइनवरून विनंती आली, पण मुख्य गेटवे पहिल्या लाइनचा असल्याने उत्तर पहिलीकडून गेलं, तर पलीकडची कंपनी "हा पत्ता माझा नाही" म्हणून ते टाकून देते. लिनक्सचा 'आरपी-फिल्टर' (विनंती आली त्याच कार्डाने परतीचा रस्ता आहे का, हे तपासणारी सेटिंग) हाही कडक असेल, म्हणजे त्याची किंमत १ असेल, तर आलेली विनंतीच आतल्या आत गळते आणि लॉगमध्ये काही दिसत नाही.

उपाय असा: २०० क्रमांकाचं वेगळं रूट टेबल (रस्त्यांची यादी) करा, त्यात दुसऱ्या लाइनचा गेटवे द्या आणि नियम लिहा की ज्या उत्तराचा उगम दुसऱ्या लाइनच्या पत्त्यावर आहे ते २०० च्या टेबलने जावं. मुख्य टेबलात गेटवे एकच राहतो. 'आरपी-फिल्टर' २ वर, म्हणजे सैल ठेवा.

दोन्ही कार्डांना एकाच सबनेटचे, म्हणजे पत्त्यांच्या एकाच गटातले, दोन पत्ते देण्याचा मोह मात्र टाळा. लिनक्स सुरुवातीच्या सेटिंगमध्ये कुठल्याही कार्डावर आलेल्या एआरपीच्या ("हा पत्ता कुणाचा?" या) प्रश्नाला दुसऱ्या कार्डाच्या पत्त्यासाठीही उत्तर देतं. मग एकाची वाहतूक दुसऱ्यावर येते आणि केबल काढून बघितल्याशिवाय ते कळत नाही. एकाच जाळ्यात दोन कार्डं हवी असतील तर बाँडिंग करा. मोड १ मध्ये एक कार्ड काम करतं, दुसरं तयारीत असतं. स्विचवर काही बदलावं लागत नाही आणि दोन केबल दोन वेगळ्या स्विचला लावता येतात. मला लहान होस्टिंगसाठी हाच आवडतो. 'मिमॉन', म्हणजे जोडणी चालू आहे का हे तपासायचं अंतर, १०० मिलिसेकंदांवर ठेवा. मोड ४ ला स्विचवर एलएसीपी (अनेक केबल एकत्र चालवण्याची सोय) लागतं आणि त्यात एकूण क्षमता वाढली तरी एकच जोडणी एका केबलच्या वेगापलीकडे जात नाही. एका मोठ्या बॅकअपला त्याने वेग येणार नाही.

जंबो फ्रेमबद्दल, म्हणजे डेटा नेहमीपेक्षा मोठ्या तुकड्यांत पाठवण्याबद्दल, विचारणा होते. गिगाबिटवर फायदा थोडा, डोकेदुखी जास्त. करायचंच असेल तर आतल्या रस्त्यावरच्या प्रत्येक कार्डावर आणि स्विचवर तुकड्याचा आकार ९००० बाइट ठेवा आणि तुकडे न करता ८९७२ बाइटचा पिंग (चाचणीचा संदेश) जातो का ते बघा. उरलेले २८ बाइट हेडरचे असतात.

शेवटची परीक्षा

ग्राहकांना आधी कळवून, शक्यतो रविवारी पहाटे, सर्व्हर पूर्ण रीस्टार्ट करा. हाताने लावलेली पण फाइलमध्ये न लिहिलेली प्रत्येक सेटिंग इथे गळून पडते. वर आल्यावर दोन्ही कार्डांची नावं, गेटवे एकच आहे का, डेटाबेस स्वतःहून उठला का, फायरवॉल लागली का, हे क्रमाने बघा. मग आतली केबल हाताने काढा. साइटवर डेटाबेसची चूक दिसली पाहिजे. ती दिसली नाही तर साइट अजून जुन्याच रस्त्याने जातेय, पुन्हा होस्टचं नाव तपासा. केबल परत लावा, त्याच रात्री बॅकअप चालू असताना दोन्ही कार्डांचे आकडे शेजारी शेजारी उघडून बसा. आतल्या कार्डावर ११० मेगाबाइट आणि बाहेरच्या कार्डावर फक्त ग्राहकांची थोडी हालचाल दिसली की एका कागदावर पत्ते, मॅक, केबलचे रंग आणि तारीख लिहून तो रॅकच्या दाराला आतून चिकटवा.